एका पत्त्यामागची अनेक यंत्रे : प्रस्तावना

एक सर्व्हर कमी पडू लागला की दुसरा घ्यावा, हे कोणालाही सुचते. भाड्याने सर्व्हर देणाऱ्या कंपनीकडे पैसे भरायचे, की काही मिनिटांत दुसरे यंत्र हजर. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. येणाऱ्या माणसाला संकेतस्थळाचे एकच नाव माहीत असते. त्या नावामागे आता दोन यंत्रे आहेत, हे त्याच्या ब्राउझरला कोण सांगणार? कोणी कुठे जायचे, हे कोण ठरवणार? त्यांतले एक यंत्र रात्री तीनला बंद पडले, तर ते ठरवणाऱ्याला कसे कळणार? आणि ठरवणाराच बंद पडला तर? लोड बॅलन्सर या विषयाचा बहुतेक पसारा या चार प्रश्नांत मावतो. पहिल्या दोहोंची उत्तरे केव्हाच मिळाली आहेत. उरलेल्या दोहोंवर जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्या अजूनही ठेचकाळतात. प्रस्तुत पुस्तकाची निम्म्याहून अधिक पाने त्या दोहोंसाठी खर्ची पडली आहेत, आणि मला त्याचे मोल तिथेच दिसते.

ज्यांना विषय अगदी नवा आहे त्यांच्यासाठी आधी साधी मांडणी. लोड बॅलन्सर म्हणजे सर्व्हरांच्या पुढे बसवलेले एक यंत्र, किंवा यंत्रावर चालणारा एक प्रोग्रॅम. संकेतस्थळाच्या नावाला जोडलेला आयपी पत्ता त्याचा असतो. मागचे सर्व्हर खासगी पत्त्यांवर असतात, बाहेरच्या जगाला ते दिसत नाहीत. प्रत्येक विनंती आधी त्याच्याकडे येते, तो ती मागच्यांपैकी एकाकडे सोपवतो आणि बहुतेक मांडण्यांत उत्तरही तोच परत पोचवतो. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये एवढे करायला मागच्या यंत्रांचे पत्ते लिहिलेला एक ‘अपस्ट्रीम’ गट आणि त्या गटाकडे विनंती वळवणारी ‘प्रॉक्सी पास’ ही ओळ पुरते. सगळे मिळून दहा-बारा ओळी. बहुतेक शिकवण्या तिथेच संपतात आणि शिकणाऱ्याला वाटते, झाले! प्रत्यक्षात त्या ओळींनी फक्त वाटप केलेले असते, आणि वाटप हा या विषयाचा सर्वांत सोपा भाग आहे.

वाटपाचे गणित संगणकाहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या येणाऱ्या कॉल्सचे संभाव्यतेच्या अंगाने विश्लेषण मांडले. इतके कॉल येत असतील तर किती तारा लागतील आणि किती जणांना ताटकळावे लागेल, हा त्याचा प्रश्न. आज सर्व्हर मोजताना आपण तोच प्रश्न विचारतो. या गणितातली एक गोष्ट मात्र प्रत्येक नवख्याने पाठ करावी अशी आहे. विनंत्या आपल्या मर्जीने, कशाही येत असतील, तर यंत्राचा भार आणि लागणारा वेळ हे सोबतीने वाढत नाहीत. अगदी साध्या प्रारूपात, एरवी १०० मिलिसेकंदांत होणारे काम यंत्र निम्मे व्यग्र असताना सरासरी २०० मिलिसेकंद घेते. ८० टक्के व्यग्र असेल तर ५००, ९० टक्क्यांना पूर्ण एक सेकंद आणि ९५ टक्क्यांना दोन सेकंद. ‘अजून दहा टक्के जागा शिल्लक आहे’ असे म्हणणाऱ्या व्यवस्थापकाला हा हिशेब कोणीतरी दाखवायला हवा. त्याचे संकेतस्थळ आधीच रांगत चाललेले असते.

वेबच्या जगात पहिले वाटप नावांच्या पातळीवर झाले. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्राने मोझेक ब्राउझर काढला आणि केंद्राचे स्वतःचेच संकेतस्थळ गर्दीने वाकू लागले. तिथल्या मंडळींनी १९९४ साली एकाच नावाला अनेक पत्ते जोडले आणि नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसकडून ते आळीपाळीने देण्याची सोय केली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९५ मध्ये, डीएनएसच्या आधारे भार वाटण्याविषयी १७९४ क्रमांकाचा आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या रीती नोंदवणारा दस्तऐवज, आला. युक्ती फुकटची होती, आजही आहे, आणि तिचे दोषही तेच आहेत. डीएनएसने दिलेले उत्तर वाटेतले अनेक जण जपून ठेवतात, काही तर मुदत संपल्यावरही. त्यामुळे एखाद्या मोठ्या कार्यालयातली सारी माणसे एकाच यंत्रावर आदळू शकतात. शिवाय साधे डीएनएस मेलेल्या यंत्राचा पत्ताही तितक्याच निष्ठेने देत राहते.

ही उणीव भरून काढायला १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात पेट्या आल्या. सिस्कोचा लोकलडायरेक्टर, १९९७ पासून एफ-फाइव्हचा बिग-आयपी, आल्टिऑनचे आणि ॲरोपॉइंटचे स्विच. डॉटकॉमच्या धामधुमीत या पेट्यांना काय भाव आला होता, हे आज खरे वाटत नाही. २००० साली सिस्कोने ॲरोपॉइंट घेण्यासाठी सुमारे ५७० कोटी डॉलरचे समभाग देऊ केले आणि नॉर्टेलने आल्टिऑनसाठी सुमारे ७८० कोटींचे. मोठ्या बँकांत अशा पेट्या अजूनही आपली जागा राखून आहेत. पण ज्याच्याकडे भाड्याचे दोन सर्व्हर आहेत, त्याच्या दृष्टीने हा सगळा नाकापेक्षा मोती जड असा मामला होता.

त्याच्यासाठी वाट मोकळी केली ती तीन वेगळ्या देशांतल्या तीन माणसांनी. १९९८ साली वेन्सोंग झांग या चिनी संशोधकाने लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर हा प्रकल्प सुरू केला. पुढे तो लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाला, आणि आज कंटेनरांचा ताफा चालवणाऱ्या कुबरनेटिसच्या अनेक मांडण्यांत आयपीव्हीएस या नावाने तोच राबतो. विली तारो या फ्रेंच अभियंत्याच्या एचएप्रॉक्सीची पहिली आवृत्ती २००१ सालची. रशियातल्या इगोर सिसोएवने २००२ मध्ये लिहायला घेतलेला एन्जिनएक्स ऑक्टोबर २००४ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्या काळी डॅन केगलने १९९९ साली मांडलेला एक प्रश्न सर्वांच्या तोंडी होता : एकाच सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या? प्रत्येक जोडणीमागे एक स्वतंत्र प्रक्रिया उभी करणारे जुने सर्व्हर तिथे गळपटत. एन्जिनएक्स आणि एचएप्रॉक्सीने मोजक्या प्रक्रियांत हजारो जोडण्या हाकल्या, आणि भारी किमतीच्या पेटीचे बरेचसे काम साध्या यंत्रावर होऊ लागले. २०१९ मध्ये पेट्या विकणाऱ्या एफ-फाइव्हनेच एन्जिनएक्सची कंपनी सुमारे ६७ कोटी डॉलरला विकत घेतली. काळ कुठल्या बाजूने गेला, हे त्या एका सौद्यावरून कळावे.

दरम्यान मे २००९ मध्ये ॲमेझॉनने आपला इलॅस्टिक लोड बॅलन्सर आणला होता. लोड बॅलन्सर ही विकत आणायची वस्तू राहिली नाही, तासावर भाड्याने मिळणारी सेवा झाली. आज बहुतेक होस्टिंग कंपन्या ती देतात. पडद्यामागे हीच मंडळी वेगळ्याच पातळीवर काम करत होती. गूगलचा मॅग्लेव्ह २००८ पासून वापरात होता, पण त्याची रचना जगाला २०१६ च्या शोधनिबंधातून कळली : पेटी नाहीच, साध्या यंत्रांचा ताफा, आणि ताफ्यातले कोणतेही यंत्र कोणत्याही पॅकेटसाठी जवळपास तोच निर्णय घेते. फेसबुकने कत्रान हा असाच प्रोग्रॅम २०१८ मध्ये खुला केला. लहान होस्टिंगवाल्याला यांतले काही बसवायचे नसते, तरी आपण भाड्याने घेतलेल्या सेवेच्या पोटात साधारण काय चालते, हे ठाऊक असलेले बरे.

या क्षेत्रात दोन घराणी आहेत, आणि त्यांचे वाद ऐकण्यासारखे असतात. पहिले घराणे नेटवर्कच्या चौथ्या, म्हणजे जोडण्या सांभाळणाऱ्या, थरावर काम करते. ते विनंती उघडून पाहत नाही. कुठून आली, कोणत्या पोर्टला आली, एवढे बघते आणि पॅकेट पुढे ढकलते. त्यामुळे ते फार वेगवान असते. त्याच्या एका रीतीत तर उत्तर लोड बॅलन्सरकडे परत येतच नाही. मागचा सर्व्हर तोच सार्वजनिक पत्ता अंगावर घेऊन ग्राहकाला थेट उत्तर धाडतो. विनंती काहीशे बाइट्सची आणि उत्तरातले छायाचित्र काही लाख बाइट्सचे, हे लक्षात घेतले की या रीतीने किती ओझे वाचते ते समजते.

दुसरे घराणे सातव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, अनुप्रयोगाच्या थरावरचे. ते विनंती पूर्ण वाचते : पत्ता कोणता मागितला, कुकी कोणती आहे, भाषा कोणती आहे. मग चित्रे इकडे, पैशांचे व्यवहार तिकडे, नव्या आवृत्तीकडे फक्त पाच टक्के लोक, असे बारीक निर्णय घेऊ शकते. विनंती वाचायची तर आधी तिचे कुलूप उघडायला हवे, म्हणून टीएलएस या कुलपाची प्रमाणपत्रे याच यंत्रावर ठेवावी लागतात. त्यांचे नूतनीकरण एकाच ठिकाणी होते ही मोठी सोय. पण इथून मागच्या सर्व्हरपर्यंतचा प्रवास पुष्कळ जण उघड्यावर करतात, ‘खासगी नेटवर्क आहे की’ असे म्हणून. भाड्याच्या जागेतले खासगी नेटवर्क खरोखर किती खासगी आहे, हे होस्टिंग कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर गुळमुळीत आले तर मागची वाटही कुलूपबंद करावी. लहान स्थळाला सहसा सातवा थरच सोयीचा पडतो. वेगाच्या मापात चौथा थर कितीही पुढे असला, तरी सेकंदाला दोनशे विनंत्या येणाऱ्या दुकानाला त्या वेगाचे करायचे काय?

आता वाटपाच्या रीती. दादरच्या तिकीटघरात समजा एक कर्मचारी येणाऱ्याला खिडकी नेमून देतो आहे. पहिल्याला पहिली, दुसऱ्याला दुसरी, असे ओळीने पाठवणे ही राउंड रॉबिन रीत. तीन नंबरच्या खिडकीवर कोणी अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटे काढत बसले असेल, तरी हा तिथे माणसे पाठवतच राहतो. सर्वांत छोट्या रांगेकडे पाठवणे म्हणजे लीस्ट कनेक्शन्स. ते शहाणपणाचे वाटते, पण नेमून देणारे पाच जण असतील आणि पाचांनाही रांगांची खबर थोडी शिळी मिळत असेल, तर पाचही जण एकदम त्याच खिडकीकडे लोंढा सोडतात. यावर निघालेला तोडगा गमतीचा आहे : सगळ्या खिडक्या पाहूच नका, कोणत्याही दोन पाहा आणि त्यांतली छोटी रांग निवडा. डोळे झाकून एक निवडण्यापेक्षा दोन पाहून निवडल्याने सर्वांत लांब रांग थोडीथोडकी नव्हे तर कितीतरी आखूड होते, हे १९९४ मध्ये आझर, ब्रोडर, कार्लिन आणि उपफल यांनी सिद्ध केले. मायकेल मिट्झेनमाखरच्या १९९६ च्या प्रबंधाने ते रांगांच्या जगात आणले. एन्जिनएक्समध्ये ही रीत २०१८ मध्ये दाखल झाली. सिद्धांतापासून दहा ओळींच्या मांडणीपर्यंत यायला वीसहून अधिक वर्षे लागली!

त्याच माणसाला पुन्हा त्याच यंत्राकडे पाठवायचे असेल तर हॅशिंग येते, आणि यंत्रांची संख्या बदलली तरी सगळी वाटणी विस्कटू नये म्हणून १९९७ मध्ये एमआयटीतून आलेले कन्सिस्टंट हॅशिंग. आकामाई ही कंपनी ज्या संशोधनातून उभी राहिली, ते हेच. लेखकांनी त्यासाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे, म्हणून मी इथे थांबत नाही.

खरे घोडे पेंड खाते ते यंत्र जिवंत आहे की नाही हे ओळखण्यात. एचएप्रॉक्सीत तपासणी सुरू केली की काही न बदलता ती दर दोन सेकंदांनी होते, सलग तीनदा फसली की यंत्र बाद, आणि पुन्हा दोनदा साधली की आत. म्हणजे यंत्र मेल्यापासून ते कळेपर्यंत चार-सहा सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात त्याच्या वाट्याच्या विनंत्या हेलपाटे घालतात. एन्जिनएक्सच्या विनामूल्य आवृत्तीत स्वतःहून विचारपूस करण्याची सोयच नाही. खऱ्या ग्राहकाची विनंती फसली की मगच त्याला कळते, आणि न बदललेल्या मांडणीत ते यंत्र दहा सेकंद बाजूला राहते. दोन्ही रीतींत काही वावगे नाही, पण कोणती आपल्याकडे आहे हे ठाऊक हवे.

याहून अवघड प्रश्न : जिवंत म्हणजे काय? पोर्ट उघडा आहे एवढेच पाहिले, तर आतून गोठलेला प्रोग्रॅमही जिवंत दिसतो. म्हणून मंडळी एक खास पान करतात, जे डेटाबेसला हात लावून ‘ठीक’ म्हणते. हे बरोबर वाटते. मग एके दिवशी डेटाबेस जरासा मंदावतो, सगळ्या सर्व्हरांवरचे ते पान एकाच वेळी फसते, आणि लोड बॅलन्सर इमानेइतबारे सगळेच सर्व्हर बाद करतो. मंद चालणारे संकेतस्थळ पूर्ण बंद पडते, तेही त्याला जपण्यासाठी बसवलेल्या यंत्राच्या हातून. म्हणूनच एन्व्हॉय या प्रॉक्सीत निम्म्याहून कमी यंत्रे निरोगी राहिली की तपासणीचे निकाल दुर्लक्षित करण्याची तरतूद आहे, आणि ॲमेझॉनचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर सगळीच यंत्रे आजारी दिसली तर सगळ्यांकडे विनंत्या पाठवतो. जगातले सगळे सर्व्हर एकाच क्षणी मेले असे वाटले, तर बहुधा आपले डोळे बिघडले आहेत, हा त्यामागचा तर्क.

आणखी एक सापळा मला विशेष धूर्त वाटतो. एक यंत्र असे बिघडते की प्रत्येक विनंतीला ते क्षणात चुकीचे उत्तर देते. काम करत नसल्याने त्याच्या रांगेत कोणीच नसते. लीस्ट कनेक्शन्सच्या नजरेत ते सर्वांत मोकळे, म्हणून नव्या विनंत्यांचा ओघ तिकडेच. चार यंत्रांपैकी एक बिघडले तर चौथा हिस्सा ग्राहकांना त्रास होईल असे आपण धरून चालतो, पण इथे बहुतेकांना होतो. चुकांचे प्रमाण न पाहता फक्त रांग पाहणाऱ्या प्रत्येक मांडणीत हा धोका आहे.

मोठ्यांच्या घरीही हेच. २४ डिसेंबर २०१२ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या पूर्वेकडच्या विभागात लोड बॅलन्सरांची स्थिती नोंदवणारी माहिती देखभालीच्या एका प्रक्रियेने पुसली. ती प्रक्रिया चालत्या यंत्रणेवर चालवायचीच नव्हती. सर्व्हर धडधाकट होते, पण विनंत्या कुठे धाडायच्या हे ठरवणाऱ्यांचा ताळमेळ गेला, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी नेटफ्लिक्सच्या कित्येक ग्राहकांचे पडदे रिकामे राहिले. २० ऑक्टोबर २०२५ ला त्याच विभागात डीएनएसच्या बिघाडातून सावरताना नेटवर्क लोड बॅलन्सरांची तपासणी अडखळली. नवी यंत्रे सेवेत घेतली जात होती, पण त्यांची नेटवर्कची मांडणी पुरती पोचली नव्हती. तपासणी एकदा फसे, एकदा साधे. निरोगी यंत्रे आत-बाहेर करत राहिली आणि त्या धावपळीने तपासणी करणारी यंत्रणाच दमली. शेवटी अभियंत्यांनी आपोआप बाद करण्याची सोय काही काळ बंद केली, तेव्हा जोडण्या सावरू लागल्या.

लहान मांडणीत दुखणी वेगळी असतात, आणि या पुस्तकाचा जीव त्यांतच रमला आहे. एका सर्व्हरवर सुखाने चालणारे दुकान दोनवर नेले की ग्राहक लॉग-इन करतो आणि पुढच्या क्लिकला बाहेर फेकला जातो, कारण त्याचे सेशन पहिल्या यंत्राच्या डिस्कवर असते. चढवलेले छायाचित्र एकदा दिसते, एकदा नाही. रात्रीची बिले पाठवणारे क्रॉनचे काम दोन्ही यंत्रांवर चालते आणि प्रत्येकाला दोन बिले जातात. कुकीच्या आधारे ग्राहकाला एका यंत्राशी बांधून ठेवणे हा यावरचा झटपट उपाय. मी त्याला उसनवारी म्हणेन : ते यंत्र गेले की त्याच्याशी बांधलेले सगळे जातात. सेशन रेडिससारख्या सामाईक जागी आणि फायली सामाईक साठ्यात हलवणे, हे काम आधी करावे, लोड बॅलन्सर नंतर.

पत्त्यांचा घोळ तर सगळीकडे होतो. मागच्या सर्व्हरला आता प्रत्येक विनंती लोड बॅलन्सरच्याच पत्त्यावरून आलेली दिसते. खरा पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या शीर्षकात येतो, तो वाचायला सर्व्हरला शिकवावे लागते. ते न शिकवता कोणी जास्त विनंत्या करणाऱ्याला अडवणारा प्रोग्रॅम बसवला, की तो सर्वांत आधी लोड बॅलन्सरलाच अडवतो आणि संकेतस्थळ स्वतःच्या हाताने बंद होते. उलट ते शीर्षक कोणाकडूनही आलेले खरे मानले, तर कोणीही कोणाचाही पत्ता लावून येऊ शकतो. लोड बॅलन्सरकडून आले तरच विश्वास ठेवायचा, हा नियम. एचटीटीपीएसबाबतही तसेच. कुलूप बाहेर उघडले गेल्याने आतला प्रोग्रॅम समजतो की जोडणी असुरक्षित आहे, म्हणून तो ग्राहकाला सुरक्षित पत्त्याकडे वळवतो. ग्राहक आधीच तिथे असतो आणि ब्राउझर गोल-गोल फिरत राहतो.

मग येतो हिशेब, जो कागदावर दोन ओळींचा आहे आणि तरी चुकतो. दोन सर्व्हर प्रत्येकी ७० टक्के व्यग्र असतील, तर एक गेल्यावर दुसऱ्यावर १४० टक्के भार येणार, म्हणजे तोही जाणार. दोन सर्व्हर घेतल्याने भरवसा वाढावा असे वाटत असेल, तर दोन्ही निम्म्याच्या बरेच खाली ठेवावे लागतात. तीन असतील तर दोनतृतीयांशाच्या खाली. भरवसा आणि क्षमता या दोन्ही गोष्टी त्याच पैशांत मिळत नाहीत.

लोड बॅलन्सर स्वतः पडला तर काय, या प्रश्नाचे रूढ उत्तर म्हणजे जोडी. दोन लोड बॅलन्सर, त्यांच्यात एक तरंगता पत्ता, आणि कीपअलाइव्हडी हा प्रोग्रॅम चालवत असलेला व्हीआरआरपी हा १९९८ चा नियमसंच. एक गप्प झाला की दुसरा तो पत्ता उचलतो. स्वतःच्या खोलीतल्या यंत्रांवर हे उत्तम चालते. भाड्याच्या यंत्रांवर मात्र अनेक कंपन्यांचे नेटवर्क असा पत्ता परस्पर उचलू देत नाही. कंपनीने दिलेल्या एपीआयला सांगून तो हलवावा लागतो. ही गोष्ट बहुतेक इंग्रजी पुस्तकांत ओझरती येते, इथे ती नीट समजावली आहे. दोघांमधला संपर्क तुटून दोघेही स्वतःला मालक समजू लागले तर काय होते, याचेही वर्णन आहे. ते वाचताना थोडी झोप उडेल.

हे सगळे आत्ताच का? कारण गर्दी आता लहानांच्या दारीही येते आणि तारीख सांगून येते. १६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्रात दहावीचा निकाल लागला. पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी, एकच वेळ, आणि निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडली नाहीत. त्याच वर्षी २८ एप्रिलला दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविनवर नोंदणी खुली झाली. सुरुवातीला यंत्रणा अडखळली, तरी दिवसअखेर १ कोटी ३० लाखांहून अधिक नोंदी झाल्या. उलट टोकाचे उदाहरण हॉटस्टारचे. १० जुलै २०१९ ला क्रिकेट विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना एकाच वेळी सुमारे २ कोटी ५३ लाख लोक पाहत होते. त्यांच्या अभियंत्यांनी जाहीर व्याख्यानात सांगितलेला तपशील मनात ठेवण्यासारखा आहे : खरी धास्ती माणसे येण्याची नसते, जाण्याची असते. धोनी बाद झाला की लाखो लोक सामना सोडून मागे येतात आणि ते सगळे एकदम मुखपृष्ठ मागतात. चित्रफितीचा भार उतरतो आणि दुसऱ्याच सेवेवर कोसळतो. म्हणून भार वाढला की सर्व्हर आपोआप वाढवण्यावर विसंबून न राहता ते क्षमता आधीच उभी करून ठेवतात, आणि ताण आला की शिफारशींसारख्या बिनमहत्त्वाच्या सेवा बंद करतात. नाही म्हणता येणे हेही लोड बॅलन्सरचे काम आहे. झेपतील तेवढे दहा हजारच आत घेऊन बाकीच्यांना ‘थोड्या वेळाने या’ असे पान दाखवणे, हे सगळ्यांना आत घेऊन कोणालाच काही न देण्यापेक्षा कधीही बरे. निकालाच्या दिवशी एवढे जरी केले, तरी पुष्कळ पालकांचा रक्तदाब ताब्यात राहील.

भाषा-प्रारूपांच्या सेवांनी जुन्या रीतींना आणखी एक धक्का दिला आहे. आजवर विनंत्या मोजणे पुरत असे, कारण एक विनंती दुसरीहून फार तर काही पट जड असे. आता एक जण दोन शब्द विचारतो, दुसरा अख्खा अहवाल चिकटवून सारांश मागतो. दोन्ही ‘एक विनंती’च. त्यात आधीच्या संभाषणाची उजळणी ज्या यंत्राच्या स्मृतीत आहे, तिथेच पुढचा प्रश्न पाठवला तर काम स्वस्तात होते. सम वाटपाचा आग्रह सोडून जाणीवपूर्वक विषम वाटप करावे लागते आहे.

एक गोष्ट लेखकांनी सौम्यपणे सांगितली आहे, मी ती जरा मोठ्याने सांगतो : तुम्हाला लोड बॅलन्सर कदाचित नकोच असेल. बहुसंख्य मंद संकेतस्थळांचे दुखणे डेटाबेसमध्ये असते, आणि पुढे कितीही सर्व्हर लावले तरी मागे डेटाबेस एकच राहतो. उलट चार सर्व्हर त्याला आणखी जोराने बडवतात. एखादा गहाळ निर्देशांक, थोडे कॅशिंग, चित्रांसाठी सीडीएन, एवढ्यावर भाड्याचे एक मध्यम यंत्र लक्षणीय गर्दी पेलते. हे सारे करून झाल्यावरही कमी पडत असेल, किंवा दुरुस्तीसाठी संकेतस्थळ बंद ठेवणे परवडत नसेल, तर हा विषय हाती घ्यावा. दुसरे कारण मला पहिल्याहून जास्त पटते. दुपारी बारा वाजता एक सर्व्हर बाजूला काढून, त्यावर नवी आवृत्ती चढवून, तो परत आत घेता येणे, आणि बाहेर कोणाला पत्ताही न लागणे, हे सुख वेगापेक्षा मोठे आहे.

लेखकांशी माझा एक मतभेदही नोंदवतो. त्यांचा ओढा स्वतः चालवलेल्या एचएप्रॉक्सीकडे आहे. शिकण्यासाठी तो योग्यच, कारण त्याच्या आकडेवारीच्या पानावर यंत्रांचे जे हाल दिसतात ते भाड्याच्या सेवा सहसा इतके उघडून दाखवत नाहीत. पण दोन-तीन माणसांच्या कंपनीने रात्री कोणी उठायचे हे ठरवलेले नसेल, तर होस्टिंग कंपनीची तयार सेवा घ्यावी, असे माझे मत. तिथेही तपासणीचे पान, मुदती आणि खऱ्या पत्त्यांचा प्रश्न तुमच्याच गळ्यात राहतो, म्हणून पुस्तकाचा उपयोग कमी होत नाही.

पुस्तकाची रचना प्रयोगांची आहे. वाचकाने सर्वांत लहान तीन लिनक्स यंत्रे भाड्याने घ्यावी, एक पुढे आणि दोन मागे, असे लेखक गृहीत धरतात. टर्मिनलवर वावरण्याइतकी ओळख हवी, नेटवर्कचे पूर्वज्ञान नको. प्रत्येक प्रकरणात आधी काहीतरी उभे केले जाते आणि मग ते मुद्दाम मोडले जाते : प्रक्रिया गोठवणे, केबल तोडल्यासारखे फायरवॉलने रोखणे, डिस्क भरणे, डेटाबेस मंद करणे. प्रत्येक वेळी बाहेरून विनंत्यांचा मारा चालू ठेवून किती फसल्या ते मोजायचे. पेट्यांच्या किमती, कंपन्यांच्या तुलना आणि परीक्षांची तयारी यांना इथे जागा नाही, हे चांगलेच झाले. कुबरनेटिसवर मात्र शेवटचे एकच प्रकरण आहे आणि ते अपुरे आहे. त्या वाटेने जाणाऱ्याला दुसरे पुस्तक लागेल.

वाचनाच्या क्रमाविषयी सुचवायचे तर तपासणीवरचे प्रकरण आधी वाचा, वाटपाच्या रीती नंतर. आणि प्रयोग करताना दोन मागच्या यंत्रांची पाने हुबेहूब सारखी ठेवू नका. प्रत्येकाच्या तळाशी त्याचे नाव दिसू द्या, म्हणजे कोणत्या यंत्राने उत्तर दिले हे शोधण्यात संध्याकाळ जाणार नाही.